अकरा महिन्यांचा कागद

(द्वितीय वर्ष कला)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा, असे आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. अन्न आणि वस्त्र विकत घेताना आपण माल पाहतो, भाव करतो आणि मगच पैसे मोजतो. निवारा मात्र पुष्कळांना भाड्याने घ्यावा लागतो. खोली पाहताना आपण नळाला पाणी किती वेळ येते, पंखा चालतो की नाही, हे सारे विचारतो; पण त्यानंतर समोर येणारा कागद न वाचताच त्यावर सही करतो. प्रस्तुत लेख त्या कागदाविषयी आहे.

माझे गाव शिवथरच्या खोऱ्यातले. पावसावरची भातशेती, थोडी नाचणी-वरी, एवढ्यावर घर भागत नाही म्हणून आमच्याकडील माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आला. आजोबांची पिढी गिरणीत गेली. आमच्या पिढीतील मुले कळंबोली, कामोठे, भोसरी, नाहीतर जवळच बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत खोली घेऊन राहतात. बी. ए. झाल्यावर आपल्यापैकीही अनेकांना नोकरीसाठी घर सोडावे लागणार आहे. तेव्हा आयुष्यातला पहिला कायदेशीर कागद म्हणून आपल्यापुढे नेमणूकपत्राच्याही आधी येईल तो खोलीचा करारनामा.

गावकीच्या खोलीपासून करारापर्यंत

जुन्या चाकरमान्यांना असा कागद करावा लागला नाही. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. गावकरी वर्गणी काढून एक खोली घेत. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक आणि वळकटी असे. पाळी सुटली की एकाने उठायचे आणि दुसऱ्याने त्याच जागी अंग टाकायचे. तिथे गावचा शब्द हाच करार होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू विस्कटत गेले. तिथली माणसे उपनगरांत व नव्या मुंबईकडे पांगली. अनोळखी घरमालकाच्या दारात उभे राहण्याची वेळ तेव्हापासून अधिक आली.

दरम्यान कायद्याचीही एक कथा घडत होती. ती ठाऊक असल्यावाचून आजचा करार समजत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली. मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा १९४७ साली झाला आणि त्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. गरीब भाडेकरूला याचा मोठा आधार झाला. पण वर्षे लोटली, महागाई वाढली आणि भाडे तेवढेच राहिले. मालकाने दुरुस्ती थांबविली आणि नवी जागा भाड्याने देणेही टाळले. जी जागा दिली जाई तिच्यासाठी आधी पागडी मागितली जाई, आणि ती घेणे त्या कायद्याने गुन्हा असल्यामुळे पावती कधीच मिळत नसे.

यातून सुटण्यासाठी मालकांनी एक वाट काढली. जागा भाड्याने दिलीच नाही, केवळ राहण्याची परवानगी दिली, असे लिहून घ्यायचे. यालाच ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात. भाडेपट्ट्याने जागेत भाडेकरूचा हक्क निर्माण होतो; परवान्याने होत नाही. जे एरवी बेकायदा ठरले असते ते करण्याची मुभा तेवढी मिळते. ही परवान्याची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे ‘ईझमेंट्स अ‍ॅक्ट’मध्ये आहे. पुढे १९७३ साली सरकारने भाडे कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता अशा राहणाऱ्यांना भाडेकरूंचा दर्जा देऊन टाकला. एका रात्रीत हजारो लोक निर्धास्त झाले, आणि तेवढेच घरमालक धास्तावले. ‘आपली जागा अशीच एक दिवस जाईल’ ही भीती मालकांच्या मनात तेव्हापासून अधिकच घट्ट बसली.

सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने परवान्याला उघड मान्यता दिली आणि मुदत संपताच जागा परत मिळण्याची सोय मालकाला करून दिली.

मग मुदत अकराच महिन्यांची का? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी एक महिना कमी करण्याची ही जुनी युक्ती. गंमत अशी की महाराष्ट्रात ती युक्ती आता निरुपयोगी आहे. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार किती का महिन्यांचा असेना, तो लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे. कारण संपले तरी अकरा महिन्यांची सवय मात्र राहिली.

अनामत रक्कम कोणाची?

करार करताना मालक भाड्याखेरीज एक ठोक रक्कम मागतो. तिला आपण डिपॉझिट म्हणतो. मराठीतला ‘अनामत’ हा शब्द अधिक बोलका आहे. अनामत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली वस्तू. गावी कोणी मुंबईला जाताना शेजाऱ्याकडे दागिन्यांचा डबा ठेवतो, तेव्हा शेजारी त्या डब्याचा मालक होत नाही. तद्वतच अनामत रकमेचे आहे. ती मालकाची कमाई नव्हे. भाडे थकले, विजेचे बिल राहिले, खिडकीची काच फुटली, तर त्याची भरपाई करता यावी एवढ्यासाठी ती ठेवलेली असते.

वापराने होणारी साधी झीज या भरपाईत धरता येत नाही. भिंतीचा रंग वर्षभरात फिका होतो, नळाचे वायसर झिजते; यात राहणाऱ्याचा दोष नाही. भाडेपट्ट्यासंबंधी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही वाजवी झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. व्यवहारात मात्र ‘रंगाचे पैसे’ म्हणून महिन्याभराचे भाडे सर्रास कापले जाते. करारात तसे स्पष्ट लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर कापलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.

याहून मोठा प्रश्न ‘अनामत जप्त’ या शब्दांचा. मुदतीआधी खोली सोडल्यास सर्व अनामत जप्त होईल, असे पुष्कळ करारांत असते. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम याबाबत मोलाचे आहे. करार मोडल्याबद्दल जी रक्कम लिहिलेली असते ती सगळीच्या सगळी मिळते असे नाही. त्या मर्यादेत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे तत्त्व आधीच भरलेल्या रकमेच्या जप्तीलाही लागू केले. खोली सुटल्यावर आठ दिवसांत दुसरा भाडेकरू आला असेल, तर मालकाचे सहा महिन्यांचे नुकसान झाले असे कोण म्हणेल?

आपोआप होणारे नूतनीकरण

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळू. कराराच्या शेवटच्या पानावर, बहुधा बारीक टायपात, एक कलम असते. त्याचा मथितार्थ असा: ‘मुदत संपण्यापूर्वी एक महिना कोणत्याही पक्षाने लेखी सूचना न दिल्यास हा करार त्याच अटींवर पुढील अकरा महिन्यांसाठी, दहा टक्के वाढीव भाड्याने, आपोआप नूतनीकृत झाला असे समजण्यात येईल.’

वरवर पाहता हे सोयीचे वाटते. पुन्हा दलाल नको, पुन्हा धावपळ नको. परंतु याचा अर्थ नीट उकलून पाहा. या कलमात आपल्या गप्प बसण्याला ‘हो’ मानलेले आहे. भाडे ६,००० रुपये असेल तर ते ६,६०० होते. करारात ‘लॉक-इन’ असेल, म्हणजे अमुक महिने खोली सोडता येणार नाही असे असेल, तर ते बंधनही नव्याने सुरू होते असा दावा मालक करू शकतो. आणि आपण मध्येच निघालो तर अनामत जप्त करण्याचे कलम तिथे तयारच असते. ही तिन्ही कलमे सुटी सुटी वाचली तर निरुपद्रवी दिसतात. एकत्र गुंफली की त्यांचा फास होतो.

माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत हेच घडले. तो पनवेलच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होता. खोलीचे भाडे ६,००० आणि अनामत २५,००० रुपये. करार इंग्रजीत होता. दादा दहावीपर्यंत शिकलेला. दलालाने बोट ठेवले तिथे त्याने सह्या केल्या. अकरा महिने संपले, बारावा सुरू झाला, आणि कारखान्याने माणसे कमी केली. दादा महिनाभर आधी सांगून गावी आला. मालकाने कळविले की कराराचे आपोआप नूतनीकरण झाले असून तुम्ही तो मोडला आहे, सबब अनामत मिळणार नाही. बाबा म्हणाले, “कागदात लिवलंय म्हणजे काय बोलायचं?” पंचवीस हजार म्हणजे आमच्या घरची दोन पावसाळ्यांची बेगमी!

मी तो कागद कॉलेजच्या ग्रंथालयात शब्दकोश घेऊन वाचला. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की त्यावर नोटरीचा शिक्का होता, पण नोंदणी झालेली नव्हती. पुष्कळांना नोटरी म्हणजेच नोंदणी वाटते. त्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. नोटरी फक्त सह्यांची साक्ष देतो. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे सरकारी दप्तरी होते. कायद्याच्या ५५ व्या कलमात करार नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय नोंदलेला लेखी करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावयाचे असते. आम्ही एवढेच मुद्दे मराठीत लिहून मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठविले. भांडण केले नाही, धमकी दिली नाही. पाच आठवड्यांनी १७,००० रुपये दादाच्या खात्यात आले. बाकीचे आठ हजार ‘रंग व साफसफाई’ या नावाखाली गेले ते गेलेच.

कायद्याच्या दृष्टीने आपोआप नूतनीकरण वाटते तेवढे भक्कम नाही. प्रत्येक परवाना लेखी आणि नोंदलेला हवा, तर पुढच्या अकरा महिन्यांचा परवाना नुसत्या मौनातून कसा जन्मेल? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली शांती प्रसाद देवी यांच्या खटल्यात भाडेपट्ट्याच्या संदर्भात सांगितले की मुदत संपल्यावर नुसते भाडे स्वीकारले म्हणून नूतनीकरण होत नाही. नूतनीकरणाची रीत करारात लिहिली असेल तर त्या रीतीनेच ते व्हावे लागते.

परंतु ही तलवार दुधारी आहे, हेही भाडेकरूने विसरू नये. ‘मालक भाडे घेतोय ना, मग करार चालूच आहे,’ अशा भरवशावर राहणाऱ्याला धक्का बसू शकतो. १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमानुसार राहण्यासाठी घेतलेल्या जागेच्या परवान्याची मुदत संपली की जागा सोडावी लागते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्याच कलमात असेही म्हटले आहे की परवान्याचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा समजला जाईल. म्हणजे सही केल्यावर ‘मला तोंडी वेगळे सांगितले होते’ असे म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. जे हवे ते सहीच्या आधीच लिहून घेतले पाहिजे.

महाडकरांचा एक वेगळा प्रश्न

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसे दगावली. २२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुराने शहर बुडाले, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. ही दुःखे मोठी आहेत. त्यांच्यापुढे अनामतीची गोष्ट काढणे क्षुद्र वाटेल. पण जगलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी डोक्यावर छप्पर लागते आणि नव्या खोलीसाठी पुन्हा अनामत मोजावी लागते. ईझमेंट्स कायद्याच्या ६२ व्या कलमानुसार जागाच नष्ट झाली तर परवाना संपुष्टात आला असे मानले जाते. परवाना संपल्यावर अनामत धरून ठेवण्याचे कारण उरत नाही. मात्र मागायला कागद हवा, आणि पुरात कपाटातल्या कागदांचा लगदा होतो. म्हणून कराराची एक प्रत गावच्या घरी ठेवावी आणि एक फोनमध्ये छायाचित्र काढून ठेवावी. नोंदलेला करार असेल तर त्याची प्रत सरकारी दप्तरातून पुन्हा मिळते, हा नोंदणीचा आणखी एक फायदा.

इतरत्र काय आहे?

जर्मनीत निवासी जागेची अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती मालकाने आपल्या पैशांपासून वेगळी, व्याज मिळेल अशी ठेवावी लागते. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून अनामत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेखाली आणावी लागते. तंटा झाला तर त्या योजनेकडे निवाड्याचीही सोय असते. आपल्याकडे केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात राहत्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढी मर्यादा सुचविली आहे. परंतु तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. १९९९ च्या आपल्या कायद्याने परवान्याच्या अनामतीला अशी मर्यादा घातलेली नाही. तेव्हा आज तरी आपले संरक्षण आपल्या वाचनावरच अवलंबून आहे.

करावयाच्या गोष्टी

१) करार मराठीत मागावा. इंग्रजीत असल्यास वाचून दाखविणाऱ्याशिवाय सही करू नये.

२) ‘आपोआप’ हा शब्द जिथे असेल तिथे थांबावे. त्याऐवजी ‘दोघांच्या लेखी संमतीने व नव्या नोंदणीने’ असे लिहून घ्यावे.

३) अनामत बँकेमार्फतच द्यावी. रोख दिल्यास पावती घ्यावी. रकमेचा आकडा करारात अक्षरी आणि अंकी असावा.

४) अनामत किती दिवसांत परत मिळणार आणि तिच्यातून काय कापता येणार, हे लिहून घ्यावे. ‘किल्ली परत देतेवेळी’ हे शब्द सर्वांत बरे.

५) खोलीत शिरताना आणि सोडताना भिंती, नळ, विजेचा मीटर यांची छायाचित्रे काढावीत.

६) नोंदणीचा आग्रह धरावा. ती आता घरबसल्या संगणकावरूनही होते. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का एवढेच असते. साध्या खोलीसाठी हा खर्च अनामतीच्या मानाने अगदी किरकोळ आहे.

७) खोली सोडायची असेल तर लेखी कळवावे आणि पोचपावती ठेवावी. पैसे अडले तर दावा तीन वर्षांच्या मुदतीत करावा लागतो. नुसती वाट पाहत राहू नये.

घरमालक सारेच लबाड असतात असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. निवृत्तीच्या पैशातून घेतलेल्या एका खोलीच्या भाड्यावर जगणारे वृद्धही मालकच असतात, आणि भाडे थकवून रातोरात निघून जाणारेही भाडेकरूच असतात. १९४७ पासूनच्या इतिहासात दोन्ही बाजूंना एकमेकांची भीती वाटत आली आहे. स्पष्ट लिहिलेला आणि नोंदलेला करार दोघांनाही त्या भीतीतून सोडवितो. आमच्या शिवथरच्या घळीत दासबोधाचे लेखन झाले अशी परंपरा आहे. त्या ग्रंथात समर्थांनी लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास खर्ची घातला, तो अक्षर वाचणाऱ्याला सुखाने वाचता यावे म्हणून. करारनामा लिहिणाऱ्यांनी एवढे जरी मनावर घेतले तरी निम्मे तंटे मिटतील.

आमच्या भागात एके काळी खोती होती. खोत पुढे करील त्या कबुलायतीवर कुळाने अंगठा उठवायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली कायद्याने खोती गेली. पण अंगठ्याची सवय एका कायद्याने जात नाही. अंगठ्याच्या जागी सही आली, तरी न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फारसा फरक नाही. माझ्यासारखे अनेक विद्यार्थी या महाविद्यालयात आहेत, ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. आपल्या घरी येणारा प्रत्येक कागद, मग तो सोसायटीच्या कर्जाचा असो, विम्याचा असो वा खोलीचा असो, आता आपल्या हाती येणार आहे. पदवी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर घरातील माणसांसाठी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि त्याचा अर्थ त्यांच्या भाषेत सांगावा, एवढे शिक्षणाचे ऋण आपण आजपासूनच फेडू शकतो.